वडगावच्या काकूंचं जेवण, आणि पहिलं ताट कुणाचं

आधी आकडा सांगून मोकळा होतो. पाचपैकी साडेचार. अर्धा कुठं कापला ते वाचता वाचता कळेल. नुसत्या चवीवर गेलात तर याहून झणझणीत रस्सा देणारे चार जण बेळगावात मी उभ्या उभ्या सांगीन. साडेचार दिलेत ते वेगळ्या कारणासाठी, आणि ते सांगायचं तर थोडं घरातलं बोलावं लागेल.

मी परिवहनमधून रिटायर झालेला कंडक्टर. लागलो तेव्हा केएसआरटीसी होती, 1997 साली आमचा भाग वायव्य कर्नाटक म्हणून वेगळा झाला. बिल्ला बदलला, गाडी तीच. खानापूर, निपाणी, चोर्ला घाटातनं पणजी, असं 31 वर्षं उभ्यानं गेलं. रिटायर झालो तसं मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, धरून खजिनदार केलं, म्हणजे परत सुट्ट्या पैशांचाच धंदा. आमची मंडळी लहान, 64 घरं. रविवारी साडेआठला मराठी उपासना, साडेदहाला कानडी, दोन्हीकडे पाळक, म्हणजे पास्टर, एकच. पाळकसाहेब मूळचे बिदरकडचे, घरात कानडी. सहा वर्षांपूर्वी बदलून आले तेव्हा कागदावर लिहून आणलेली मराठी प्रार्थना वाचायचे. आता आमच्या म्हाताऱ्यांच्या चुका काढतात.

यंदा त्यांचे आणि घरच्यांचे आभार मानायला जेवण करायचं ठरलं. हे खूळ पुतणीचं. ती बेंगळुरात असते. तिनं व्हॉट्सॅपवर पाठवलं की अमेरिकेत ऑक्टोबर हा पाळकांचे आभार मानायचा महिना असतो आणि त्यातला दुसरा रविवार खास. 1992 च्या सुमाराला तिकडं याची सुरुवात झाली, 1994 पासून फोकस ऑन द फॅमिली नावाच्या संस्थेनं ते उचलून धरलं, आता तर दुकानात त्याची कार्डं मिळतात म्हणे. कमिटीत मी हे वाचून दाखवलं तर एकजण लगेच म्हणाला, अमेरिकेचं आपल्याला कशाला? मी म्हटलं, 1820 साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर इथं आले, ते काय हिंडलग्याचे होते? शिवाय पौलानं तीमथ्याला जे पहिलं पत्र लिहिलं, त्याच्या पाचव्या अध्यायात वचनात कष्ट करणाऱ्यांना दुप्पट मान द्या असं आहे, आणि त्याला धरूनच मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका असंही आहे. आमच्या कमिटीत निम्मे भातशेतीवाले. दुप्पट मानावर ते गप्प होते, बैलाचं त्यांना पटलं.

तारखेवरून थोडं झालं. कुणीतरी नोव्हेंबरचा पहिला रविवार सुचवला. पण 1 नोव्हेंबरच्या आसपास बेळगावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, कुठली गाडी कुठं अडेल याचा नेम नाही. हे मला कुणी शिकवायला नको. डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा गावातले निम्मे आचारी सरकारी पंगतीला. म्हणून ऑक्टोबरचा दुसरा रविवारच धरला.

आता जेवण कुणाला द्यायचं? या बाबतीत आमचा इतिहास चांगला नाही.

तीन वर्षांपूर्वी महिला मंडळानं सगळं स्वतः केलं होतं. प्रेमानं केलं, यात शंका नाही. फक्त कांदे चिरायला जागा हवी म्हणून पाळकांच्याच बंगल्याचं स्वयंपाकघर घेतलं. आदल्या रात्री साडेबाराला मी भांड्यांचा हिशोब करायला गेलो तर पाळकीणबाई ओट्यापाशी उभ्या राहून आलं-लसूण वाटत होत्या. उद्या ज्यांचा सत्कार, त्याच! आणि आमच्या बायका त्यांना म्हणत होत्या, "बाई, तुमच्या हाताची चव कुणाला नाही." ही आमची आभार मानायची तऱ्हा. मागच्या वर्षी शहाणपण येऊन एका केटररला दिलं. नाव लिहीत नाही, धंदा ज्याचा त्याचा. पुऱ्या गार, बटाट्याच्या भाजीला पाणी सुटलेलं, आणि वाढपी येऊन मला विचारतो, "तुमच्या फादरचं ताट बाजूला झाकून ठेवलंय, त्यांच्या बायकोला सांगा, नंतर गरम करून घ्या म्हणावं." फादर म्हटलं याचा मला राग नाही, इथल्या लोकांना कॅथलिक फादर आणि आमचे पाळक यांतला फरक माहीत नसतो. फादरला बायको कुठली, एवढा तरी विचार करायचास की बाबा. पण ताट झाकून ठेवलं गेलं आणि बाईंनी ते चार वाजता खरंच गरम करून खाल्लं. मंडप काढेपर्यंत त्या सगळ्यांना चहा देत होत्या.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. मी स्वतः पाळकाचा मुलगा. वडिलांची दर तीन-चार वर्षांनी बदली, मी सातवीपर्यंत चार शाळा बघितल्या. (पुढं नोकरी अशी घेतली की रोजच बदली.) आमच्या घरी एक फोटो आहे, 1978 चा, चिकोडी भागातल्या एका खेड्यातला. वडिलांना शाल घातलेली, हातात नारळ, बाजूला पंचमंडळी, पुढं जमिनीवर मी आणि धाकटी बहीण, तेल लावून भांग पाडलेले. आई फोटोत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. उजव्या कडेला दाराच्या चौकटीतनं एक हात आलेला आहे, वड्यांचं ताट धरलेला. बांगड्यांवरनं मला माहीत आहे तो आईचा हात. फोटोग्राफरनं "ताई, जरा मागं सरका" म्हटलेलं मला आठवतं.

तर असो. काकूंचं सांगतो.

वडगावात मागांचा खटखटाट जिथं अजून ऐकू येतो त्या बाजूला त्या राहतात. सगळे त्यांना वडगावच्या काकू म्हणतात, वयानं माझ्याएवढ्याच. पाटी नाही, कार्ड नाही. मला म्हणाल्या, "मास्तर, कुठं नंबर-बिंबर टाकू नका, ऑर्डरी वाढल्या तर माझ्यानं निभत नाही." म्हणून नंबर टाकत नाही, पण वडगावात कुणालाही विचारा. त्या, त्यांची जाऊ, मुलगा, सून आणि तीन पोरं, एवढाच संसार. 150 ताटांच्या वर घेत नाहीत. 200 म्हटलं तर सरळ नाही म्हणतात, आणि मला हे आवडलं. गाडीत 55 बसतात तर 55 घ्यावेत. आम्ही मात्र 90 घ्यायचो.

मी यादी घेऊन गेलो होतो. 118 ताटं, त्यात 25 शाकाहारी. जवारी कोंबडीचा रस्सा, वडे, भात, शाकाहारीला भरली वांगी, ज्वारीची भाकरी, गुरेळ्याची (कारळ्याची) चटणी, सगळ्यांना कांदा-काकडीची कोशिंबीर आणि गव्हाची हुग्गी (खीर). काकूंनी यादी ऐकली आणि विचारलं, "तुमच्यात नैवेद्य असतोय काय?"

मी म्हटलं, नाही, प्रार्थना करतो आणि बसतो.

"मग पहिलं ताट कुणाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "आमच्यात पहिलं देवाचं. सत्यनारायण असला तर भटजीचं, बारशाला बाळंतिणीचं. तुमच्यात हे जेवण कुणाचं आहे?" मी म्हटलं पाळकसाहेबांचं आणि त्यांच्या घरच्यांचं. "मग पहिली चार ताटं त्यांची. बाई काय खातात?"

आणि मी गप्प बसलो. सहा वर्षं या बाईंच्या हातचं खातोय. नाताळच्या करंज्या, कापणीच्या सणाचा पुलाव, माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस डबा. बाई काय खातात? मला माहीत नाही. घरी येऊन बायकोला विचारलं, तिला माहीत नाही. महिला मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला, ती म्हणाली, "खातात की सगळं." मग मी त्यांच्या मुलीला गाठलं. आठवीत आहे, उपासनेला कीबोर्ड वाजवते. ती म्हणाली, "आई चिकन खात नाही, अंकल. कधीच नाही. वासच सहन होत नाही तिला. तोंडाला पदर बांधून करते." सहा वर्षं आम्ही प्रत्येक सणाला पाळकीणबाईंच्या हातच्या रश्शाचं कौतुक करतोय!

काकूंना फोन केला. शाकाहारी 26 करा. त्या म्हणाल्या, "वांगी आवडतात काय ते विचारलंत?" विचारलं होतं. आवडतात.

मांड्यांचं काकूंनीच काढलं. लेकीला सासरी पाठवताना जे मानानं देतात ते, म्हणाल्या, मानाचं माणूस असेल तर चार मांडे न्या. बेळगावबाहेरच्यांसाठी सांगतो, "मनातले मांडे" म्हणतात त्यातले हे मांडे आमच्याकडं खरोखरच खायला मिळतात. शनिवारी संध्याकाळी मी ते न्यायला गेलो आणि अर्धा तास दारातच उभा राहिलो. काकूंच्या जाऊबाई करत होत्या. पीठ असं तिंबलेलं की उचललं तर बोटांवरनं ओघळतं. मुठीएवढा गोळा, त्याच्या पोटात पिठीसाखर, खसखस, वेलदोडा, तूप. थोडं लाटायचं आणि मग लाटणं बाजूला ठेवून ते दोन्ही हातांवर घ्यायचं. या हातावरनं त्या हातावर, फिरवत फिरवत, बघता बघता कोपरापर्यंत आलं. एवढं पातळ की पलीकडची चूल त्यातनं लाल दिसत होती. मग पालथ्या कढईवर अलगद टाकलं, खाली लाकडाचा जाळ. उलटायला दोन बोटं. उतरवलं की घडी घालायला हातात मोजून चार-पाच सेकंद, नाहीतर पापड. घडी घातलेला मांडा हातरुमालासारखा दिसतो. मी विचारलं, हात भाजत नाही काय? जाऊबाई म्हणाल्या, "भाजतोय की. पहिली दहा वर्षं."

एकूण 12 घेतले. चार पाळकांच्या घरी, आणि आमच्या मंडळीत रिटायर होऊन वारलेल्या दोन पाळकांच्या बायका आहेत, त्यांना चार-चार. हे कमिटीत ठरलेलं नव्हतं, मी ठरवलं. पाळक रिटायर झाला की बंगला सोडावा लागतो, पाळक गेला की फोनही येत नाहीत. त्यातल्या एका आजी 81 वर्षांच्या आहेत. मांडा बघून त्यांनी आधी वास घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या लग्नात नव्हते. दुष्काळ होता." मग दुधात बुडवून अर्धा तिथंच खाल्ला.

इथं अर्ध्यातला पाव मार्क कापतो. मांडे वर्तमानपत्रात बांधून दिले. एवढ्या नाजूक वस्तूला पुठ्ठ्याचा डबा नको? 12 पैकी तीन मोडले. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मांडा मोडला म्हणून चव मोडत नाही." गोवावेस ते कॅम्प हा रस्ता मी स्कूटरवरनं आलो हे मात्र कबूल करतो, आणि त्या खड्ड्यांत पुठ्ठाही टिकला असता की नाही देव जाणे.

रविवार. साडेअकराला कानडी उपासना सुटली. चिंचेखाली मांडव होता, टेबल-खुर्च्या होत्या, केळीच्या पानाऐवजी पत्रावळी. शाली यंदा दोन घेतल्या, एक त्यांना, एक बाईंना. बोलणाऱ्यांना पाच-पाच मिनिटं दिली होती, एकानं सतरा घेतली. पाळकसाहेब दोन वाक्यं बोलले आणि बसले. कमिटीनं त्यांना दोन रविवार सुट्टीही दिली, गावी जाऊन यायला, उपदेश आमच्या मंडळीतले दोघं वडील (एल्डर) सांभाळणार होते. ते सगळं ठीक. मला पुढचं सांगायचंय.

काकूंनी पहिलं टेबल वेगळं मांडलं होतं. चार खुर्च्या. पाळकसाहेब बसले, मुलगा बसला (पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, त्याला भूक लागली होती), मुलगी बसली. बाई बसल्या आणि दीड मिनिटात उठल्या. पाण्याचा जग उचलून पलीकडच्या टेबलाकडं निघाल्या. वाढणाऱ्या पोरानं तो त्यांच्या हातातनं काढून घेतला. "बाई, बसा की. काकूंनी सांगितलंय, तुमच्या हातात जग दिसला तर माझे पैसे कापणार." बाई हसल्या, बसल्या. थोड्या वेळानं परत उठल्या, भात किती राहिलाय बघते म्हणून मागं गेल्या. मागं बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या दारात काकू स्टूल आडवं टाकून बसल्या होत्या. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि टेबलापर्यंत आणून सोडलं, परीक्षेच्या हॉलमध्ये पोराला बाकावर बसवतात तसं.

मग बाई जेवल्या. गरम. भाकरी काकूंची सून मागं चुलीवर थापत होती आणि पोरगं एकेक तव्यावरनं थेट आणत होतं. बाईंनी भाकरीचा पापुद्रा उचलून आतली वाफ सोडली, वांग्याचा मसाला त्यात भरला, गुरेळ्याच्या चटणीवर तेल ओतून घेतलं. दुसरी भाकरी मागितली. नंतर तिसरी अर्धी. जेवण झाल्यावर त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. पदराशी चाळा, टेबलावरचं मीठ सरळ कर, असं चाललं होतं. मुलगी माझ्याजवळ आली, हळूच विचारलं, "अंकल, आज भांडी कोण घासणार?"

मी म्हटलं, ते घेऊन जातात, त्यांच्याच घरी घासतात. ती म्हणाली, "सगळी?" आणि मग कीबोर्डच्या खोलीत पळाली. थोड्या वेळानं आतनं काहीतरी वाजायला लागलं, उपासनेतलं नव्हतं.

हेच त्या साडेचारातलं मोठं कारण. बाकी चवीचं थोडक्यात: रस्सा चांगला, पण लहान पोरांसाठी तिखट. बेडगीचा रंग आहे म्हणून पोरं खातील असं काकूंना वाटलं असावं. वडे फुगलेले, तेल कमी. वांगी उत्तम, देठाकडची मऊ झालेली, मसाल्यात खोबरं आणि तीळ भाजून घातलेले. भात साधा पण सुटा. हुग्गी गुळाची, वर खसखस, हिला मी पैकीच्या पैकी देतो आणि माझी शुगर वाढली हेही सांगतो.

पण दुसऱ्या पंगतीला भात वीस मिनिटं उशिरा आला. दुसरा हंडा चढवायला विसरले. तोवर 40-45 माणसं रिकाम्या पत्रावळीसमोर, त्यातली बारकी पोरं वड्यांनीच भरली. हा दुसरा पाव. पाण्याला प्लास्टिकचे ग्लास आणले होते, तेही नको होतं, सांगितलं असतं तर आम्ही स्टीलचे दिले असते.

हिशोब असा: मांसाहारी 92 ताटं, 240 प्रमाणे 22,080. शाकाहारी 26, 180 प्रमाणे 4,680. मांडे 12, 90 प्रमाणे 1,080. वाढणारी चार माणसं, 500 प्रमाणे 2,000. एकूण 29,840. आगाऊ 10,000 दिले होते, बाकी त्याच दिवशी. मंडळीकडनं पाकिटातनं 31,200 जमले होते. बिल काकूंनी कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून दिलं. ऑडिटला हे पान लावलं तर ऑडिटर माझ्याकडं कसा बघेल ते मला आत्ताच दिसतंय. सही तेवढी घेतली. तुम्हाला छापील बिल लागत असेल तर आधी बोलून घ्या.

आणखी एक. 31 वर्षांची सवय, मी डोकी मोजतोच. 118 ची ऑर्डर, जेवली 123. पाच विनातिकीट. काकूंना सांगितलं, पाच ताटांचे पैसे घ्या. त्या म्हणाल्या, "प्रार्थनेला आलेली माणसं मोजायची नसतात, मास्तर." मी मोजतो. पण पैसे त्यांनी घेतले नाहीत ते नाहीतच.

ऑर्डर द्यायची असेल तर: महिनाभर आधी सांगा, दुपारी चारनंतर जा, सकाळी जाऊ नका, चूल पेटलेली असते आणि बोलायला वेळ नसतो. सोमवारी बंद. मांसाहारी आणि शाकाहारीच्या पळ्या-पातेली वेगळी ठेवतात, हे मी मागं जाऊन बघितलंय. एप्रिल-मेमध्ये लग्नं, तेव्हा मिळणार नाहीत. आणि कुणासाठी जेवण आहे ते नीट सांगा, त्या विचारतातच. उत्तर पाठ करून जा, माझ्यासारखे गप्प बसू नका.

जाताना काकूंनी उरलेली वांगी आणि हुग्गी एका पितळी डब्यात भरून बंगल्यात ठेवली होती, रात्री चूल पेटवायला नको म्हणून. मंगळवारी पाळकसाहेबांनी मला फोन केला, डबा तुमच्या हातनं वडगावला पोचवाल काय? मी गेलो. बाईंनी डबा दिला तो जड लागला. झाकण उघडलं तर शेंगदाण्याच्या पोळ्या, बिदरकडं करतात तशा, पातळ, कडेपर्यंत सारण, दहा-बारा.

"बाई, हे काय?"

"रिकामा डबा कसा पाठवू, भाऊ?"

मी काय बोलणार! वडगावला गेलो, डबा दिला. काकूंनी झाकण काढलं, एक पोळी मोडली, तोंडात टाकली, जावेला हाक मारली, तिला अर्धी दिली. दोघी उभ्या उभ्या खात राहिल्या. मग काकूंनी हात पुसले आणि मला विचारलं, "कुणी केल्यात ह्या? बाई ऑर्डरी घेतात काय?"

मी म्हटलं, नाही.